सुप्रभाबाईंनी पसंत केलेलं रिव्हॉल्वर

इंग्लंडातल्या स्लाऊ गावात राहणाऱ्या आपल्या मंडळींची एक रीत होती. प्रेशर कुकरपेक्षा मोठी वस्तू घ्यायची झाली, तर एकट्यानं दुकानात जायचं नाही. सोफा घ्यायचा तर दोन घरची माणसं जाणार, त्यावर बसणार, उठणार, पुन्हा बसणार, एखादी वहिनी खालून हात घालून शिवण चाचपणार. विकणारा गोरा साहेब आधी हसायचा, मग घामाघूम व्हायचा आणि शेवटी स्वतःच खुर्ची ओढून बसायचा. जयंत कर्णिकांनी जुनी, लांब डिकीची एस्टेट गाडी घेतली, तेव्हा तर सगळी पलटण गेली होती. त्यांच्या बायकोनं, वैजयंतीवहिनींनी, गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्यानं एक लिंबू चाकाखालून उचललं, रुमालानं पुसलं आणि वहिनींच्या हातात देत म्हणाला, "यू ड्रॉप्ड दिस, डिअर." वहिनींनी ते परत ठेवलं, तर ह्यानं परत उचललं! शेवटी त्याला चहाचं विचारून आत नेलं, तेव्हा कुठे गाडी लिंबावरून गेली.

तर अशी ही रीत. म्हणूनच एकोणनव्वद साली दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी पद्माकर इंगवले रिव्हॉल्वर घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर बायको सुप्रभाबाई होत्या, मुलगी मंजिरी होती, गाडी चालवायला आणि घासाघीस करायला जयंतराव होते, आणि सुप्रभाबाईंच्या पर्समध्ये सवयीनं ठेवलेला कुंकवाचा करंडा होता.

जयंतराव खुशीत होते. "पद्माकर, लेका, सोफे झाले, फ्रिज झाले, गाड्या झाल्या. पण हे काम आपल्यात पहिलंच हं! आणि दसऱ्याला शस्त्रपूजन. योग बघ कसा जुळला!"

मागच्या सीटवर सुप्रभाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना योग दिसत नव्हता. त्यांना दिसत होती आपल्याच घराची वरची खिडकी, आणि त्या खिडकीतून एका संध्याकाळी दिसलेला रस्ता.

ती गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पद्माकरराव मूळचे कोरेगाव तालुक्यातले. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, पण हात असा की विचारू नका. ट्रेडिंग इस्टेट म्हणतात त्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. साचे घासून, तासून, केसाच्या मापात बसवायचे. पंधराएक वर्षं तीच नोकरी, तीच बस आणि हातात तोच स्टीलचा तीन पुडांचा डबा. डबा लग्नातला. झाकणावर सुप्रभाबाईंच्या माहेरचं नाव कोरलेलं.

आदल्या वर्षीच्या जानेवारीत, अंधार पडल्यावर, सुप्रभाबाई वरच्या खोलीचे पडदे ओढायला गेल्या. खाली रस्त्यावरून एक माणूस पळत गेला. कोटाची बटणं उघडी, टोपी नाही. दिव्याखालून गेला तेव्हा त्यांना चेहरा दिसला. पद्माकरराव! स्वतःच्या घरापुढून, स्वतःच्या दाराकडे न बघता, ते पळत पुढे निघून गेले. मागून टाळकी भादरलेली, आपल्या लोकांच्या मागे लागणारी तीन गोरी पोरं, हसत, आरामात, पायानं काहीतरी खणखण उडवत आली. तो डबा होता.

सुप्रभाबाईंचा पडद्यावरचा हात तसाच राहिला. जिन्यावरून धावत खाली येईपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

बऱ्याच वेळानं मागच्या गल्लीतून पद्माकरराव घरात आले. ओठ पांढरे. म्हणाले, "डबा बसमध्ये राहिला गं. डुलकी लागली."

त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. आमटी गरम केली.

आता यात गंमत कुठे आहे, ती सुप्रभाबाईंनाच कळली होती. घर दिसू नये म्हणून माणूस घरापुढून पळाला. आत बायको आहे, पोर आहे, दार त्या तिघांना दाखवायचं नाही, म्हणून. पण पद्माकररावांच्या मनात ते तसं नव्हतं. त्यांच्या मनात एवढंच होतं की आपण पळालो. पुढे कित्येक दिवस ते जेवताना घास हातात धरून बसायचे. आणि आपल्याला कुणी पळताना बघितलं नाही, एवढ्याच एका आधारावर ते ताठ चालत होते. तो आधार काढून घ्यायचा कसा? बायकोच्या जातीला हे शिकवावं लागत नाही. त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत कामाला जाताना चर्चच्या कुंपणात त्यांना डबा सापडला. पुडं चेपलेली, झाकण वाकडं. तो त्यांनी पिशवीत घातला आणि घरी येऊन माळ्यावर, जुन्या रजयांच्या मागे ठेवून दिला. नवऱ्याला वेम्बलीच्या देशी दुकानातून नवा डबा आणून दिला.

मग आला केन. केन म्हणजे पद्माकररावांचा फोरमन. पिंपासारखा गोल माणूस, चहात चार चमचे साखर. तो शनिवारी पिस्तूल क्लबात जायचा. "कम अलाँग, पॅडी," म्हणाला. पद्माकर म्हणायला जड, म्हणून आयरिश माणसांना मारतात तशी हाक मारून यांना त्यानं आयर्लंडचं करून टाकलं होतं. पद्माकरराव गेले. क्लबातलं बारक्या नळीचं पिस्तूल हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी कागदावरच्या काळ्या गोलात भोकांचा गुच्छ पडला. का नाही पडणार? आयुष्यभर श्वास रोखून कानस चालवलेला हात तो! क्लबातले लोक बघायला गोळा झाले. केननं पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा पडला.

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पद्माकरराव शीळ घालत घरी आले. सुप्रभाबाईंना बरं वाटलं. देवापुढे साखर ठेवली त्यांनी. पुरुषाला एक छंद लागला, चार माणसांत कौतुक झालं, काय वाईट?

पण वर्ष सरलं, क्लबाचं सभासदत्व पक्कं झालं, आणि एके दिवशी पद्माकरराव म्हणाले, "स्वतःचं घ्यावं म्हणतो."

"ते बारकं?"

"छे, बारक्यात काय आहे! मोठं घ्यायचं. चव्वेचाळीस."

"म्हणजे केवढं?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून गोळीची जाडी दाखवली. बोटांच्या त्या फटीतून सुप्रभाबाईंना समोरचा त्यांचा डोळा दिसला. कागदाला भोकं पाडायला एवढी जाड गोळी कशाला? कागद तर बारक्यानंही फाटत होता.

"आणि ठेवायचं कुठे?"

"घरात. केन लोखंडी कपाट बसवून देतो म्हणालाय. जिन्याखाली. दाराजवळ."

दाराजवळ. हा शब्द मात्र त्यांच्या काळजात रुतून बसला.

त्या देशात तेव्हा असं पिस्तूल मिळायचं, पण पोलिसांचं सर्टिफिकेट लागायचं. हंगरफर्डला एका माथेफिरूनं भर बाजारात माणसं मारली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे चौकशी कडक. 'घराच्या रक्षणाला' असं कुणी म्हटलं की अर्ज तिथेच संपला. नेमबाजीच्या खेळासाठी हवं, असं असेल तरच. चौकशीचा अधिकारी घरी आला. उंच, मिशाळ, मऊ बोलणारा. मंजिरी तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं दार उघडलं आणि आत ओरडली, "आई, पोलीस आली!"

सुप्रभाबाईंनी चहा केला, चिवडा दिला. साहेबांनी चिवडा खाल्ला, खोकले, पाणी प्याले आणि पुन्हा घेतला. जिन्याखालची जागा बघितली. क्लबाबद्दल विचारलं. मग चष्मा काढून सहज सुप्रभाबाईंकडे वळले. "अँड यू, मिसेस इंगवले? यू आर हॅपी अबाउट इट?"

बशीतला कप वाजत होता. पद्माकररावांच्या हातातला. टूलरूममध्ये केसाचं माप धरणाऱ्या हातातला, आणि ते बायकोकडे बघत नव्हते.

एक 'नो' म्हणायचा अवकाश, सगळं तिथेच थांबलं असतं. त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण 'का नो' हे विचारलं असतं, आणि मग त्या खिडकीचं सांगावं लागलं असतं. परक्या माणसासमोर, पोलिसासमोर, पोरीसमोर.

"ही इज अ व्हेरी केअरफुल मॅन," त्या म्हणाल्या.

खोटं काही नव्हतं त्यात. पण विचारलेल्याचं उत्तरही नव्हतं. साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि चिवड्याची शेवटची चिमूट तोंडात टाकली.

सर्टिफिकेट आलं. आणि त्या दिवसापासून सुप्रभाबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शिवणखोलीत चादरीला टीप मारता मारता त्यांना दिसायचं: दारावर कुणीतरी धक्का मारलाय, जिन्याखालचं कपाट उघडलंय, आणि हे दारात उभे आहेत. पुढचं दिसायच्या आत सुई थांबवायच्या. समोर जे पोर पडलेलं दिसायचं, ते मंजिरीच्या वयाचं असायचं. कुणाचं तरी पोरच ना ते, टाळकं भादरलं म्हणून काय झालं? आणि यांना मग आयुष्यभर तुरुंग. आपण त्या साहेबाला 'केअरफुल' सांगितलं. आपणच.

वैजयंतीवहिनींना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या ह्यांनी ट्रॉम्बोन आणलाय. त्यापेक्षा बंदूक परवडली. निदान कपाटात तरी राहते!"

असं सगळं पोटात घेऊन सुप्रभाबाई त्या शनिवारी गाडीत बसल्या होत्या.

दुकान रेडिंगच्या पलीकडे एका लहान गावात होतं. बाहेरून घड्याळाचं दुकान वाटावं असं. दारावर घंटी, आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास, भिंतीवर भुसा भरलेलं हरणाचं मुंडकं. दुकानदार मिस्टर हॉब्सन, साठी उलटलेला, कोपरांना चामडं लावलेला स्वेटर. चार माणसं ओळीनं आत शिरलेली बघून तो उठून उभा राहिला.

"गुड मॉर्निंग. हू इज द शूटर?"

पद्माकररावांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"अँड द अदर्स?"

"फॅमिली," जयंतराव म्हणाले. "वुई आर हिअर टु चूज."

मिस्टर हॉब्सननं असं गिऱ्हाईक उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण माणूस भला. त्यानं सर्टिफिकेट नीट वाचलं, काउंटरवर हिरवी बनात अंथरली आणि त्यावर एकेक रिव्हॉल्वर मांडायला सुरुवात केली. अगदी शालू मांडावेत तसं. जयंतरावांनी लगेच एकाची मूठ चाचपून "हम्म" केलं. मंजिरी हरणाच्या मुंडक्याखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, प्लीज लवकर कर. माझा फ्रेंड्सना कळलं तर आय विल डाय."

"तुझ्या मैत्रिणींना कशाला कळतंय?"

"जयंतकाका सगळ्यांना सांगतो!"

"मी?" जयंतराव म्हणाले. "मी फक्त मंडळात सांगितलं."

पद्माकररावांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सगळ्यात मोठं, काळंभोर, जाड नळीचं रिव्हॉल्वर उचललं होतं. मिस्टर हॉब्सन समजावत होता: हे डबल अॅक्शन, नुसता चाप ओढला की घोडा आपला आपण उठतो आणि पडतो. ओढत राहा, उडत राहील. चक्री अशी बाहेर पडते, सगळ्या गोळ्या एका दमात भरता येतात. "व्हेरी क्विक," तो म्हणाला.

"व्हेरी क्विक," पद्माकरराव हळूच म्हणाले. त्यांनी ते समोरच्या भिंतीकडे धरलं. चाप ओढला. रिकामा खटका वाजला. पुन्हा ओढला. पुन्हा. पुन्हा.

सुप्रभाबाई बाजूनं त्यांचा चेहरा बघत होत्या. क्लबातून शीळ घालत येणारा चेहरा तो नव्हता. दिव्याखालून पळताना दिसला होता, तोच होता. फक्त आता तो पळत नव्हता, उलटा फिरून उभा होता. आणि तो भिंतीकडे बघत नव्हता, तिघांकडे बघत होता.

"अहो," त्या म्हणाल्या.

"अं?"

"खाली ठेवा ते."

"अगं, वजन बघतोय."

"वजन नाही बघत तुम्ही. खाली ठेवा."

जयंतराव पुढे झाले. "वहिनी, रंग आवडला नाही का? त्यांच्याकडे चंदेरीही—"

"जयंतभावजी, तुम्ही मंजिरीला घेऊन जरा बाहेर जा बघू. तिला भूक लागलीय."

"मला नाही लागला भूक," मंजिरी म्हणाली. पण आईकडे बघितलं आणि काकांचा हात धरून निघाली. घंटी वाजली, दार लागलं.

आता दुकानात तिघंच. त्यातल्या एकाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सुप्रभाबाईंना वाटलं, देवानंच हा आडोसा दिलाय.

"डबा बसमध्ये राहिला नव्हता," त्या म्हणाल्या.

पद्माकररावांनी वळून बघितलं.

"डबा माझ्याकडे आहे. माळ्यावर. रजयांच्या मागे."

हिरव्या बनातीवर ते काळं रिव्हॉल्वर त्यांनी खाली ठेवलं. अगदी सावकाश, आवाज न होऊ देता. मिस्टर हॉब्सन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. "एव्हरीथिंग ऑल राइट, मॅडम?"

"यस, यस. वुई आर ओन्ली चूजिंग," सुप्रभाबाई म्हणाल्या. तो बिचारा फडकं घेऊन काउंटरच्या टोकाला गेला आणि पुसलेलंच पुन्हा पुसू लागला.

"तू बघितलंस?" पद्माकररावांनी विचारलं.

"पडदे ओढत होते. सगळं बघितलं."

"म्हणजे इतके दिवस—"

"इतके दिवस."

ते हरणाच्या मुंडक्याकडे बघत राहिले. कान लालबुंद झाले होते. मग म्हणाले, "कोरेगावात कुणाला सांगितलं तर थुंकतील माझ्यावर. इंगवल्याचा पोरगा, तीन पोरांपुढे पळाला."

"घरापुढून पळालात. दारात नाही शिरलात. ती मागे होती, दार चार पावलांवर होतं, तरी दाराकडे मान वळवली नाहीत. कोण करतं असं? घाबरलेला माणूस आधी घरात शिरतो. मी त्या दिवसापासून तुम्हाला भित्रे म्हटलेलं नाही. मनातसुद्धा. तुम्हीच म्हणताय. आणि ते पुसायला हे विकत घेताय."

"मग काय करू? पुन्हा आले तर?"

"ते मला माहीत नाही. पण हे जिन्याखाली असेल तर काय होईल, ते मला रोज दिसतंय. शिवणयंत्रावर बसले की दिसतंय. त्या साहेबानं मला विचारलं, मी तुमच्यासाठी गप्प बसले. आता नाही बसत."

"ठीक आहे," पद्माकरराव म्हणाले. टोपी उचलली. "चल. नाही घेत."

आता कुणाला वाटेल, गोष्ट संपली. पण सुप्रभाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना तो शीळ घालणारा माणूसही माहीत होता ना! क्लबात जायचंच त्यानं सोडलं असतं, पुन्हा घास हातात धरून बसला असता. भीती घेऊन दुकानात आला, आणि लाज घेऊन परत गेला असता. पदरात काय पडलं?

त्या काउंटरजवळ गेल्या. पर्स बनातीवर ठेवली. कापडदुकानात ठेवतात तशीच.

"मिस्टर हॉब्सन, विच वन इज द स्लोएस्ट?"

"आय बेग युअर पार्डन?"

"स्लो. द मोस्ट स्लो."

मिस्टर हॉब्सनची सगळी हयात या धंद्यात गेली होती. लोक जोरदार विचारायचे, नेमकं विचारायचे, स्वस्त विचारायचे. सगळ्यात संथ कुणी मागितलं नव्हतं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, थोडा विचार केला आणि मागच्या कपाटातून एक जुन्या घडणीचं, अक्रोडाच्या मुठीचं रिव्हॉल्वर काढलं.

"सिंगल अॅक्शन," तो म्हणाला, आणि दाखवू लागला. चाप कितीही ओढा, काही होत नाही. आधी अंगठ्यानं घोडा पार मागे ओढायचा, तो अडकला की मगच चाप. दर गोळीला पुन्हा तेच. चक्री बाहेर पडत नाही. बाजूला बारकी खिडकी असते, तिच्यातून एक गोळी भरायची, चक्री एक घर फिरवायची, मग दुसरी. रिकामी पुंगळीसुद्धा एकेक करून काठीनं ढकलायची. "गोळी तीच, चव्वेचाळीस. नेम उत्तम. पण घाईच्या माणसाचं काम नाही, मॅडम. याच्याशी भांडून उपयोग नसतो."

"अहो, ओढून बघा," सुप्रभाबाई म्हणाल्या.

पद्माकररावांनी ते हातात घेतलं. घोडा ओढला. जड होता. तीन वेळा खटखट वाजत तो मागे गेला, आणि तेवढ्या वेळात त्यांचा श्वास आपोआप टूलरूममधल्यासारखा थांबला. खांदे खाली आले. चाप ओढला, खटका पडला. लगेच दुसरा ओढायला बोट गेलं, तर काहीच झालं नाही. ते थांबले. रिव्हॉल्वर उलटंपालटं करून त्यांनी घोड्याच्या फटी बघितल्या, चक्रीची खाच नखानं तपासली.

"काम चांगलं केलंय," ते पुटपुटले. "कानशीची खूण नाही कुठे."

हा आवाज सुप्रभाबाईंच्या ओळखीचा होता.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "पण घरात यायचं नाही. क्लबात पोलिसांनी पास केलेलं कपाट आहे, केनचं तिथे राहतं, तिथेच राहील. तुम्ही तिकडे जाऊन चालवायचं. जिन्याखाली मी तांदळाचा डबा ठेवणार आहे."

"आणि पुन्हा ती पोरं—"

"ते आपण दोघं बघू."

जयंतराव आणि मंजिरी चिप्स खात परत आले, तोवर मिस्टर हॉब्सन सर्टिफिकेटवर नोंद करत होता. जयंतरावांनी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर पद्माकररावांनी नुसतं बघितलं. तरी जाता जाता त्यांनी साफ करायचा ब्रश फुकट मिळवलाच!

गाडीत खोकं मांडीवर घेऊन पद्माकरराव पुढे बसले. जयंतराव म्हणाले, "वहिनी, करंडा आणलाय ना? लावा की कुंकू. नवी वस्तू आहे."

"नाही लावणार," मागून सुप्रभाबाई म्हणाल्या.

"अहो, शस्त्र आहे! दसरा परवावर!"

"घरात येतं त्याला कुंकू. हे घरात येत नाही."

जयंतरावांनी गाडी चालू केली. गाडी तशीच क्लबावर गेली, खोकं केनच्या ताब्यात दिलं, चहा झाला. दसऱ्याला इंगवल्यांच्या घरी पाटावर पद्माकररावांची कानस, मंजिरीचा कॅल्क्युलेटर आणि सुप्रभाबाईंची कात्री पुजली गेली.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र नाही. भीती कुठे जाते? हिवाळ्यासाठी सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केली, संध्याकाळी लवकर अंधार पडू लागला, तसे पद्माकरराव पुन्हा गप्प होऊ लागले. सुप्रभाबाईंनी शिवणखोलीतली वेळ बदलून घेतली आणि बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहू लागल्या. छत्री, पिशवी, पायात बूट, वर साडी. "थंडीत कशाला?" ते म्हणायचे. "कोथिंबीर आणायची होती," त्या म्हणायच्या. इतकी कोथिंबीर त्या हिवाळ्यात स्लाऊमध्ये कुणी खाल्ली नसेल.

आणि एके दिवशी ती पोरं आली. तीच होती का, कुणास ठाऊक. टाळकी तशीच. चर्चच्या कुंपणावर बसली होती. एकानं काहीतरी ओरडून सांगितलं, दुसऱ्यानं चिप्सचा कागद फेकला. तो सुप्रभाबाईंच्या खांद्याला लागून पडला.

पद्माकररावांचा हात त्यांच्या दंडाला लागला. मागे बूट वाजू लागले.

"पळू नका," सुप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"नाही पळत."

"घोडा ओढताना थांबता ना, तसे चाला."

ते चालले. सावकाश, जसं काही तांदूळ निवडत चाललेत. आपल्या घराजवळ आले. पद्माकरराव थांबले, फाटक उघडलं, बायकोला आधी आत घातलं. मग दारात उभं राहून खिशातून किल्ली काढली. हात इतका हलत होता की किल्ली भोकात जाईना. मागे हसू ऐकू आलं. त्यांनी श्वास धरला. किल्ली बसली. दार उघडलं आणि मगच ते वळले. घरातला दिवा त्यांच्या मागे होता, त्यांचा सगळा आकार त्या तिघांना दिसत होता. घराचा नंबरही.

"यस?" ते म्हणाले. एवढंच.

पोरं फाटकाबाहेर उभी राहिली. एकानं शिवी दिली. एकानं फाटकाला लाथ घातली. मग समोरचे मिस्टर टर्नर कुत्रा घेऊन बाहेर आले आणि पोरं निघून गेली. आठवड्याभरानं फाटकावर कुणीतरी रंगानं घाण लिहिली. पद्माकररावांनी ती घासून काढली आणि पोलिसांत कळवलं. पोलिसांनी लिहून घेतलं. बस्स, एवढंच झालं. गोष्टीतल्यासारखा न्याय तिथे कुणाला मिळत नव्हता.

पण त्या संध्याकाळी पद्माकरराव स्वतः माळ्यावर चढले. रजयांमागून डबा काढला. दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये नेऊन जेवणाच्या सुटीत त्यांनी तो ठोकून सरळ केला. झाकण मात्र जरा वाकडंच राहिलं, आमटी सांडायची. तरी तोच डबा नेऊ लागले.

पुढे शहाण्णव साली स्कॉटलंडमध्ये एका शाळेत गोळ्या झाडून लहान मुलं मारली गेली, आणि वर्षभरानं कायदा झाला: असली पिस्तुलं सगळ्यांनी पोलिसांत जमा करायची. क्लबात भांडणं झाली, सभा झाल्या. केन रडला. पद्माकररावांनी भांडण केलं नाही. रांगेत उभे राहिले, खोकं दिलं, पावती घेतली, घरी आले.

सुप्रभाबाई पोळ्या करत होत्या. "वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं," ते म्हणाले. खुर्चीवर बसले. उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं चोळत राहिले. "काम फार चांगलं केलं होतं गं त्याचं. पण घोडा जड होता. शेवटपर्यंत जडच राहिला."

"म्हणून तर घेतला होता," त्या म्हणाल्या आणि ताटात पोळी वाढली.